हायडनचा पगार

१७७२ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडनने एका बिलावर सही केली. व्हिएन्नातल्या, हॉर्न हे फुंकवाद्य बनवणाऱ्या कारागिराकडून पितळी नळीचे दोन छोटे तुकडे मागवले होते, त्याचं ते बिल. त्या काळच्या हॉर्नला आजच्यासारख्या कळा नव्हत्या. नळी जितकी लांब तितका स्वर खाली. पट्टी बदलायची म्हणजे वादकाने एक वेटोळं काढून दुसऱ्या लांबीचं लावायचं. नेहमीच्या पट्ट्यांची वेटोळी प्रत्येक वाद्यवृंदाकडे असत, पण हायडनला हवा होता एफ शार्प. सिम्फनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहिणारं कुणी तेव्हा त्या पट्टीकडे फिरकत नसे. म्हणून स्वर अर्ध्याने उतरवणारे हे जादा तुकडे. पैसे गेले मालकाच्या, म्हणजे प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझीच्या तिजोरीतून. त्या दोन तुकड्यांच्या जोरावर दोन सिम्फन्या उभ्या राहिल्या: एफ शार्प मायनरमधली ४५ वी, जिला जग ‘फेअरवेल’ म्हणून ओळखतं, आणि बी मेजरमधली ४६ वी.

‘फेअरवेल’चा किस्सा सगळे सांगतात. बिलाबद्दल सहसा कुणी बोलत नाही, आणि मला बोलायचंय ते बिलाबद्दल.

कलावंताला पैसा कुणी द्यावा आणि कसा द्यावा, हा वाद आपल्याकडे अधूनमधून पेटतो. कुणाचा पुरस्कार वादात सापडतो, कुणाचं अनुदान अडतं, एखाद्या महोत्सवाचा खर्च वर्तमानपत्रात येतो, आणि आठवडाभर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. एक बाजू म्हणते, खऱ्या कलावंताने सरकारच्या दारात उभं राहूच नये, लोकाश्रयावर जगावं. दुसरी म्हणते, पुरस्कारांची रक्कम वाढवा, अनुदान वेळेवर द्या. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे पैसा कलाकृतीला द्यायचा असतो. नाटक झालं की अनुदान, पुस्तक आलं की पुरस्कार, कार्यक्रम झाला की बिदागी. माझं म्हणणं असं की काही कला या रीतीने जन्मालाच येत नाहीत. त्यांना आधी पगार लागतो. एकट्याला नव्हे, वीस-पंचवीस जणांना मिळून, आणि वर्षानुवर्षं. सिम्फनी ही अशी कला आहे आणि हायडनचं आयुष्य हा त्याचा सगळ्यात सज्जड पुरावा.

हायडन जन्मला ३१ मार्च १७३२ रोजी, ऑस्ट्रियातल्या रोराऊ गावात. वडील गाड्यांची चाकं करणारे कारागीर. आई लग्नाआधी गावच्या सरदाराच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती. वडिलांना स्वरलिपी येत नसे, तरी ते हार्प वाजवून गात. पाच-सहा वर्षांच्या पोराचा गळा पाहून एका नातेवाईक शिक्षकाने त्याला हाइनबुर्गला नेलं. तिथे जेवणापेक्षा मारच जास्त मिळाला, असं हायडन म्हातारपणी सांगे, आणि त्याच दमात त्या शिक्षकाचे आभारही मानी. पुढे व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या गायक मुलांत त्याची निवड झाली. आवाज फुटला तेव्हा, साधारण १७४९ मध्ये, त्याला तिथून बाहेर काढलं. वय सतरा-अठरा, खिशात दमडी नाही.

इथून पुढची आठेक वर्षं हायडन आजच्या भाषेत फ्रीलान्सर होता. व्हिएन्नातल्या मिखाएलर हाउस नावाच्या इमारतीत वर माळ्याची खोली. शिकवण्या, रस्त्यावरच्या रात्रीच्या मैफली, चर्चमध्ये गाणं, नाचाच्या कार्यक्रमात वाजवणं. निकोला पोर्पोरा या इटालियन संगीतकाराचे बूट पुसायचे, त्याच्या शिष्यांना साथ करायची, आणि बदल्यात रचनेतल्या चुका दुरुस्त करून घ्यायच्या. रात्री जुन्या क्लाविअरवर कार्ल फिलिप इमानुएल बाखच्या सोनाटा आणि फुक्सचं प्रतिस्वरशास्त्र. त्याने या काळात मन लावून काम केलं यात वाद नाही. पण या काळातली त्याची एकही सिम्फनी आपल्याकडे नाही. असणार तरी कशी? माळ्यावरच्या खोलीत बसून पियानोचा तुकडा लिहिता येतो. चौघे मित्र जमले तर चौकडीसाठीही लिहिता येतं, आणि त्याने बॅरन फ्युर्नबेर्गच्या घरी ते केलंही. सिम्फनीला ओबो लागतात, हॉर्न लागतात, व्हायोलिनांचे दोन ताफे लागतात, आणि लिहिलेलं पुन:पुन्हा वाजवून बघायला तीच माणसं दुसऱ्या दिवशी हजर लागतात.

पहिली सिम्फनी आली ती पहिल्या नोकरीबरोबर. काउंट मोर्झिनने त्याला आपल्या छोट्या वाद्यवृंदाचा प्रमुख नेमलं. थोड्याच काळात काउंटचे पैसे संपले आणि वाद्यवृंद बरखास्त झाला. मग १ मे १७६१ रोजी हायडनने एस्टरहाझी घराण्याच्या करारावर सही केली.

हा करार आज वाचताना अंगावर काटा येतो. हायडन हा घरच्या नोकरवर्गातला एक मानला जाईल. त्याने आणि वादकांनी गणवेश घालायचा, पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर, मागे वेणी किंवा टोप. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात हजर राहून आज संगीत हवंय का, याची चौकशी करायची. वादकांची भांडणं त्याने मिटवायची, वाद्यांची आणि कागदांची निगा राखायची, गायिकांना शिकवायचं. आणि सगळ्यात जाचक कलम: जे लिहील ते मालकाचं. नक्कल बाहेर जाता कामा नये, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी एक ओळही लिहायची नाही. पगार वर्षाला ४०० गुल्डन. कुठल्याही लेखक संघटनेने आज हा करार जाहीर सभेत फाडला असता, आणि ते योग्यच झालं असतं.

तरीही त्याच वर्षी त्या दालनातून काय बाहेर पडलं ते बघा. ६, ७ आणि ८ क्रमांकाच्या तीन सिम्फन्या, नावं ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’. नवा प्रमुख आल्याआल्या प्रत्येक वादकाला चमकायची संधी देतोय, हे ऐकताक्षणी कळतं. लुइजी तोमासिनीचं व्हायोलिन, योझेफ वाइगलचा चेलो, बासरी, बासून आणि चक्क डबल बास. डबल बासच्या वादकाला तोपर्यंत इतरांच्या पायाखालची जमीन धरून ठेवणं एवढंच काम असे. या तिन्ही सिम्फन्यांच्या मिन्युएटमध्ये, म्हणजे नाचाच्या चालीच्या भागात, मध्यावर त्याला एकट्याला बोलायला मिळतं. ‘सकाळ’च्या पहिल्या भागात मूळ सुरावट परतायची वेळ येते, तर हॉर्न जणू राहवत नाही म्हणून जरा आधीच ती वाजवून टाकतो. बेटहोव्हेनने चाळीसेक वर्षांनी आपल्या तिसऱ्या सिम्फनीत हीच खोडी केली, आणि तिच्यावर रसिकांनी ग्रंथ लिहिले.

एस्टरहाझींचं पगारपत्रक आणि हायडनच्या स्वरलिप्या शेजारी ठेवून वाचाव्यात. १७६५ मध्ये वाद्यवृंदात चार हॉर्नवादक होते; त्याच वर्षीची ३१ वी सिम्फनी चार हॉर्नच्या शिकारी हाळीने सुरू होते. हॉर्न दोन असले की तो दोघांसाठीच लिही. कोण चांगला वाजवतो, कुणाचा दम किती टिकतो, हे सगळं त्याला ठाऊक असे. १७७४ च्या ६० व्या सिम्फनीत, जी एका विनोदी नाटकासाठी लिहिली होती, शेवटचा भाग धडाक्यात सुरू होतो आणि मध्येच थांबतो. व्हायोलिनवाल्यांच्या लक्षात येतं की खालची तार उतरलेलीच राहिलीय. मग सगळ्यांसमोर खुंट्या पिळून तारा जुळवतात आणि गाडी पुढे निघते. हे सगळं स्वरलिपीत लिहिलेलं आहे. असा विनोद अनोळखी, तासावर पैसे घेणाऱ्या वादकांकडून करवून घ्यायची हिंमत कुणी करेल असं मला वाटत नाही. घरचीच माणसं असतील तर तो सुचतो.

म्हातारपणी ग्रीझिंगर या चरित्रकाराला हायडनने जे सांगितलं, ते संगीताच्या इतिहासात शेकडो वेळा उद्धृत झालंय. त्याचा आशय असा: माझे प्रिन्स माझ्या कामावर खूश होते. वाद्यवृंद माझ्या हाताखाली होता, म्हणून मी प्रयोग करू शकलो. कशाने परिणाम वाढतो, कशाने उणावतो ते पाहू शकलो. सुधारणा करत गेलो, भर घालत गेलो, छाटत गेलो, धाडस करत गेलो. मी जगापासून तुटलेला होतो, मला छळणारं, माझा आत्मविश्वास ढळवणारं जवळपास कुणी नव्हतं, म्हणून मला स्वतंत्र होणं भागच पडलं.

लोक यातलं शेवटचं वाक्य उचलतात आणि एकांताची महती सांगतात. माझ्या मते सगळं वजन आधीच्या वाक्यांवर आहे. वाद्यवृंद हाताखाली होता. सोमवारी लिहिलेलं मंगळवारी ऐकता येत होतं, फसलं तर बुधवारी बदलता येत होतं, आणि फसल्यामुळे कुणाचा पगार कापला जात नव्हता. शंभरावर सिम्फन्या एकट्या प्रतिभेने होत नाहीत. रोजच्या तालमीची जागा कुणीतरी आधी बांधून द्यावी लागते.

यावर लगेच मोझार्टचं नाव पुढे येतं. त्याने साल्झबुर्गच्या आर्चबिशपची नोकरी १७८१ मध्ये लाथाडली, व्हिएन्नात स्वतःच्या हिमतीवर दहा वर्षं काढली, आणि त्याच्या शेवटच्या सिम्फन्यांची सर कुणाला आहे? मला त्या सिम्फन्या हायडनच्या बहुतेक सिम्फन्यांपेक्षा जास्त आवडतात, हे लपवायचं कारण नाही. पण मोजणी करू. व्हिएन्नातल्या दहा वर्षांत मोझार्टने लिहिलेल्या सिम्फन्या सहा: ‘हाफनर’, ‘लिंत्स’, ‘प्राग’ आणि १७८८ च्या उन्हाळ्यातल्या तीन. ‘लिंत्स’ त्या गावात मैफल ठरली म्हणून काही दिवसांत हातघाईने लिहिलेली, ‘प्राग’ त्या शहराने बोलावलं तेव्हा तिथे वाजलेली. त्याच दहा वर्षांत त्याने लिहिलेले पियानो कॉन्चेर्तो, म्हणजे एकट्या पियानोला वाद्यवृंदाची साथ असलेल्या रचना, सतरा. व्हिएन्नाचे श्रोते तिकीट काढत ते मोझार्टला पियानोवर बघायला, आणि भाड्याने जमवलेले वादक त्याच्यामागे साथ करत. बाजाराने जे मागितलं ते त्याने दिलं, अप्रतिम दिलं. सिम्फनी मात्र बाजाराने फारशी मागितली नाही. १७८७ च्या डिसेंबरात त्याला दरबाराकडून वर्षाला ८०० गुल्डनची नेमणूक मिळाली, ती मुख्यतः नाचाच्या हंगामासाठी नाचाचं संगीत लिहायला. त्यानंतरच्या वर्षांतली, पुखबेर्ग या मित्राकडे उसने पैसे मागणारी त्याची पत्रं वाचवत नाहीत.

योहान बाप्टिस्ट वानहालचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, घ्यायला हवं. बोहेमियातल्या वेठबिगार कुटुंबात १७३९ मध्ये जन्मलेला हा माणूस स्वतःचं स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतो आणि पुढे व्हिएन्नात कायमची नोकरी न धरता जगून दाखवतो. तारुण्यात त्याने सिम्फन्या ढिगाने लिहिल्या आणि त्यातल्या काही, विशेषतः मायनरमधल्या, हायडनच्या तोडीच्या आहेत. १७८० च्या सुमारास मात्र तो सिम्फनी सोडतो आणि उरलेली तीसेक वर्षं मुख्यतः घरगुती पियानोसाठीचे तुकडे, शिकाऊंसाठीची पुस्तकं आणि चर्चचं संगीत लिहितो. सरदारांचे वाद्यवृंद आटत चालले होते आणि छापील पियानोसंगीत खपत होतं. वानहाल उपाशी मेला नाही, सुखात जगला. त्याच्यातला सिम्फनीकार मात्र चाळिशीतच निवृत्त झाला.

आता माझ्या बाजूच्या काळ्या गोष्टी. एस्टरहाझींची तिजोरी भरत होती ती हंगेरीतल्या कुळांच्या श्रमावर. तिथे वेठ इतकी बेसुमार झाली होती की मारिया तेरेझा राणीला १७६७ मध्ये फर्मान काढून तिची मर्यादा ठरवावी लागली. दलदलीच्या जागेत उभा राहिलेला एस्टरहाझा राजवाडा, त्यातलं ऑपेराचं नाट्यगृह, कळसूत्री बाहुल्यांचं वेगळं नाट्यगृह, या सगळ्याच्या खाली ते श्रम आहेत. हॉर्नचे ते दोन तुकडेही त्यातूनच आले. राजाश्रयाचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब गिळून टाकू नये.

वादकांचं काय? राजवाड्यात जागा कमी, म्हणून मोजके अपवाद सोडले तर वादकांना बायकामुलं तिथे आणायला बंदी होती. प्रिन्सला तिथून पाय काढवेना, तसतसा मुक्काम लांबत जाई. ‘फेअरवेल’चा जन्म यातला. शेवटचा भाग वेगात धावून संपतोय असं वाटतं, तेवढ्यात एक संथ भाग सुरू होतो, आणि एकेक वादक आपलं शेवटचं वाजवून, मेणबत्ती विझवून उठून जातो. आधी पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न, मग बासून, मग उरलेले ओबो आणि हॉर्न. डबल बास जाण्याआधी एक लांबलचक तुकडा एकटाच वाजवतो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. प्रिन्सला अर्थ कळला आणि दुसऱ्या दिवशी सामान बांधायचा हुकूम निघाला, असं हायडनच्या म्हातारपणी त्याच्याशी बोलून लिहिलेली चरित्रं सांगतात. जगातला हा बहुधा सगळ्यात सुरेल रजेचा अर्ज. पण अर्ज करावा लागला, ही गोष्ट उरतेच.

खुद्द हायडनचाही कोंडमारा होत होता. १७६५ मध्ये त्याला लेखी ताकीद मिळाली: कामात हलगर्जी आहे, शिवाय बॅरिटोनसाठी जास्त लिहीत जा. बॅरिटोन म्हणजे गजाने वाजवायचं, मागून छेडायच्या तारा असलेलं एक अवघड वाद्य. प्रिन्सचा तो छंद होता. हायडनने त्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रिकुटं लिहिली, जी आज सिम्फन्यांच्या मानाने क्वचितच कुणी वाजवतं. १७८० च्या दशकात तर त्याचा बहुतेक वेळ इतरांचे ऑपेरे बसवण्यात जाई. एकेका वर्षी शंभरावर प्रयोग. १७९० मध्ये व्हिएन्नातल्या मारियाना फॉन गेन्त्सिंगर या स्नेही बाईंना तो लिहितो की इथे मी माझ्या ओसाड रानात अनाथासारखा बसलोय. परत आलो तर तीन दिवस कळेना मी संगीतप्रमुख आहे की संगीतनोकर. आणखी एका पत्रात, सदैव गुलाम असणं किती दुःखाचं, अशी खंत आहे. हे लिहिणारा माणूस तेव्हा युरोपातला सगळ्यात नावाजलेला संगीतकार होता.

तर मग पगार चांगला की वाईट? प्रश्न असा विचारला की आपण दोन टोकांना जाऊन बसतो. पगार आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करता येतात, हे एस्टरहाझींच्याच दप्तरात नोंदलेलं आहे. १७७९ मध्ये हायडनचा करार नव्याने झाला. पगार चालू राहिला, वाद्यवृंद राहिला, पण सगळं लेखन मालकाचं हे कलम गळालं. माझ्या लेखी हे साल हायडनच्या आयुष्यात १७६१ पेक्षाही मोठं. यानंतर त्याने व्हिएन्नाच्या आर्तारिया प्रकाशनाशी उघड व्यवहार सुरू केला, लंडनच्या प्रकाशकांशीही. पॅरिसहून सहा सिम्फन्यांची मागणी आली, त्या ८२ ते ८७ क्रमांकाच्या. पॅरिसचा वाद्यवृंद त्याच्या घरच्या वाद्यवृंदाच्या कितीतरी पट मोठा. त्या ताफ्यासाठी लिहिण्याची तयारी कुठे झाली होती? एस्टरहाझाच्या दालनात, दोन हॉर्न आणि मूठभर व्हायोलिनांबरोबर, वीसेक वर्षं.

लंडनची गोष्ट तर बाजाराच्या समर्थकांचं लाडकं उदाहरण आहे. सप्टेंबर १७९० मध्ये प्रिन्स निकोलाउस वारला. मुलगा आंटोनला संगीताचं वेड नव्हतं. त्याने वाद्यवृंद लगोलग बरखास्त केला. लंडनचा मैफल-संयोजक झालोमोन हायडनच्या दारात येऊन उभा राहिला आणि १ जानेवारी १७९१ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हायडनने इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवला. दोन दौऱ्यांत मिळून ९३ ते १०४ या बारा सिम्फन्या तिथल्या श्रोत्यांनी ऐकल्या. मे १७९५ मधल्या एका मैफलीच्या उत्पन्नाबद्दल त्याने वहीत लिहून ठेवलंय की आज संध्याकाळी मी चार हजार गुल्डन कमावले, असं फक्त इंग्लंडमध्येच होऊ शकतं. सुरुवातीच्या पगाराच्या हिशेबाने दहा वर्षांची कमाई एका रात्रीत.

बघा, म्हणतात, मोकळा बाजार काय करू शकतो! खरं आहे. पण लंडनला निघालेल्या त्या माणसाच्या खिशात काय होतं तेही बघा. निकोलाउसच्या मृत्युपत्रानुसार वर्षाला हजार गुल्डनचं निवृत्तिवेतन, वर आंटोनने दिलेले चारशे. मैफली आपटल्या असत्या तरी हायडनची चूल विझली नसती. म्हणून तर तो १०० व्या सिम्फनीच्या संथ भागात तुर्की पद्धतीचे झांज-ढोल घुसवू शकला. आणि लंडनकरांनी आधी कधी न पाहिलेल्या या म्हाताऱ्याला डोक्यावर घेतलं, ते तीस वर्षांच्या पगारी नोकरीत लिहिलेल्या सिम्फन्या त्यांच्या कानांवर आधीच पडल्या होत्या म्हणून. लंडनने पीक कापलं; नांगरणी दुसऱ्याच शेतात झाली होती.

आंटोनने वाद्यवृंद मोडला, ही या सगळ्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. बापाची आवड बापाबरोबर गेली. युरोपातला बहुधा सगळ्यात कसलेला छोटा वाद्यवृंद एका वारसाच्या सहीने संपला आणि वादक नोकऱ्या शोधू लागले. हायडनचं नाव होतं, निवृत्तिवेतन होतं. त्या वादकांपैकी बहुतेकांची नावं आपल्याला माहीतही नाहीत.

राजाश्रयाचा हा ठिसूळपणा आपल्याला परका नाही. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांनी सन्मानाने ठेवलं. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. सुदैवाने ख्यालगायक आपलं घराणं गळ्यात घेऊन गाव बदलू शकतो. दोन तानपुरे, तबला आणि चार एकनिष्ठ शिष्य असले की मुंबईतही जयपूर-अत्रौलीची तालीम चालू राहते, आणि राहिली. वीस जणांचा वाद्यवृंद मोडला की तो कुणाच्याही गळ्यात उरत नाही.

मुंबईने हे पाहिलेलं आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले व्हायोलिनवादक, चेलोवादक, ट्रम्पेटवादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाले. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यमेळाची जी श्रीमंती दिली, ती आजही कानाला कळते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय वादकांचा मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना मांडल्या, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. पूर्ण ताकदीचा वाद्यवृंद या शहरात होता, वाचणारे आणि लिहिणारे दोघेही होते. फक्त कायमचा पगार नव्हता. रेकॉर्डिंग झालं की पैसे, नाही झालं की नाहीत. गोन्साल्विस यांचा प्रयोग टिकला नाही, आणि पुढे सिंथेसायझर आल्यावर स्टुडिओतल्या त्या ताफ्यांची गरजही संपत गेली. या वादकांना हायडनसारखा रिकामा बुधवार मिळाला असता, काहीतरी फसवून बघायला, तर आपल्या वाद्यवृंदी संगीताचं काय झालं असतं, याचा विचार मी नेहमी करतो. आज मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि तिचं काम कौतुकाचं आहे. पण तिथेही मुंबईत वर्षभर राहणारा गाभा छोटा. हंगाम आला की बरेच वादक परदेशातून येऊन संख्या पुरी करतात.

आपला सार्वजनिक पैसा जातो कुठे? स्पर्धांना, महोत्सवांना, पुरस्कारांना, प्रयोगागणिक अनुदानाला. आणि कलावंत थकला की वृद्ध कलावंतांचं मानधन. ते मानधन जरूर द्यावं, वाढवावं. पण माणूस ऐन उमेदीत असताना त्याला वाऱ्यावर सोडायचं आणि हातपाय चालेनासे झाले की महिन्याला थोडी रक्कम द्यायची, याला सांस्कृतिक धोरण म्हणणं मला जड जातं. ही रक्कम म्हणजे दिलगिरी.

‘सरकारी पगार म्हणजे सरकारी कला’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. नेमणुका वशिल्याने होतील, वादक पन्नाशीपर्यंत सुस्तावतील, जयंती-पुण्यतिथीला मंत्र्यांच्या आगमनाची धून वाजवायला बोलावणं येईल. प्रिन्सचं बॅरिटोन प्रत्येक मालकाकडे असतंच. मात्र हे धोके कराराने आवरता येतात. निवड पडद्याआड बसवून, फक्त ऐकून करता येते. जगातले कित्येक वाद्यवृंद ती तशीच करतात. नेमणूक कायमची न करता दहा वर्षांची करता येते. निधी एका खात्याच्या वार्षिक मर्जीवर न ठेवता वेगळ्या न्यासात गुंतवता येतो, म्हणजे उद्याच्या आंटोनला तो एका सहीने मोडता येणार नाही. पैसा लागेल, पण एका मोठ्या महोत्सवाच्या मांडवाला आणि रोषणाईला लागतो त्यापेक्षा फार वेगळा आकडा तो नसेल, असा माझा कयास आहे.

श्रोते कुठे आहेत, हा दुसरा आक्षेप. १७६१ मध्येही फार नव्हते. ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ पहिल्यांदा ऐकणारे लोक एका दालनात मावत होते. मग नकला फिरल्या, करारात बंदी असूनही फिरल्या, ऑस्ट्रियातल्या मठांपर्यंत आणि पुढे पॅरिस-लंडनपर्यंत पोहोचल्या. श्रोते तयार व्हायला वीस वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं वादकांचा पगार कुणीतरी भरत राहिलं.

तेव्हा मागणी साधी आहे. मुंबई, पुणे, नागपूर किंवा कोल्हापूर, कुठलंही एक शहर निवडा. पंचवीस वादक नेमा. त्यांत सतारीही असू देत, सनई असू दे, व्हायोलिनं तर आहेतच. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची हुबेहूब नक्कल करायची काही गरज नाही. त्यांच्यासोबत एक रचनाकार, दहा वर्षांसाठी. तालमीला रोजची जागा. रचनांचा हक्क रचनाकाराचा, १७७९ च्या करारासारखा, १७६१ च्या नव्हे. बायकामुलांना सोबत राहता येईल अशी घरं. पहिली तीन वर्षं उद्घाटन नको, अहवाल नको, प्रेक्षकसंख्येचे तक्ते नकोत. आणि दुरुस्तीचं, जादा सामानाचं बिल आलं तर ते हे कशासाठी असं न विचारता पास करणारा एक कारकून.